टोकेलाऊचा नारळ आणि जहाजातला माल

खोबरेल तेल हृदयाला चांगलं की वाईट, हा वाद निघाला की कुणीतरी ‘पॅसिफिकमधल्या त्या बेटांवरचे लोक’ काढतंच. ते लोक तिन्ही त्रिकाळ नारळ खातात आणि त्यांना हार्ट अटॅक ठाऊक नाही, असा तो दाखला. दाखला खोटा नाही. त्यामागे खरा अभ्यास आहे, चांगला अभ्यास आहे, आणि त्याचा सर्वांत गाजलेला लेख १९८१ साली छापून आला आहे. अडचण एवढीच की त्यातलं अर्धंच पान फिरतं. उरलेलं अर्धं वाचलं की नारळाच्या वादातली हवा निघून जाते. एखाद्या समाजात हृदयरोगाचा धोका नेमका कुठून आणि कसा शिरतो, हे मात्र तिथे लख्ख दिसतं. म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहू.

बेटं आणि माणसं

टोकेलाऊ म्हणजे अटाफू, नुकुनोनू आणि फाकाओफो ही तीन कंकणाकृती प्रवाळबेटं. सामोआच्या उत्तरेला सुमारे ५०० किलोमीटरवर. तिन्हींची मिळून जमीन १२ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि उंची जेमतेम चार-पाच मीटर. माती अशी नाहीच, प्रवाळाचा चुरा. त्यात धान्य पिकत नाही, भाजीपाला फारसा होत नाही. नारळ होतो, केवडा होतो, नीरफणस होतो. खड्डे खणून त्यात पालापाचोळा कुजवून अळूच्या कुळातलं एक कंद लावतात. थोडी डुकरं, कोंबड्या. बाकी सगळं समुद्र देतो. पकडलेली मासळी गावात समान वाटायची ‘इनाती’ नावाची पद्धत आहे. कोण मोठा, कोणाची होडी, हे न बघता घरात खाणारी तोंडं किती ते मोजून वाटा घालतात.

१८६३ साली पेरूहून आलेल्या गुलामांच्या जहाजांनी इथली जवळपास निम्मी माणसं उचलून नेली. जी उरली त्यांची, आणि नंतर येऊन मिसळलेल्या थोड्यांची, आजची पिढी. पुढे जीनची गोष्ट येईल तेव्हा हे ध्यानात असू द्या. १९४८ च्या कायद्यानं ही बेटं न्यूझीलंडच्या हद्दीत आली आणि इथल्या लोकांना तिथलं नागरिकत्व मिळालं. विमानतळ तेव्हा नव्हता, आजही नाही. सामोआच्या अपिया बंदरातून बोटीनं जायचं, समुद्र शांत असला तरी एक अख्खा दिवस आणि वर काही तास.

१९६६ च्या सुमारास तिन्ही बेटांवर मिळून १९०० च्या आसपास माणसं राहत होती. एवढ्या जमिनीवर ती जास्तच. त्याच वर्षी चक्रीवादळ झालं, झाडं पडली, आणि न्यूझीलंड सरकारनं इच्छुक कुटुंबांना आपल्याकडे नेऊन वसवण्याची योजना सुरू केली. ती १९७६ पर्यंत चालली. वेलिंग्टनच्या रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ आणि साथरोगशास्त्राचे अभ्यासक डॉ. इयन प्रायर यांना यातली संधी लगेच दिसली. कुक बेटांवर त्यांनी आधी काम केलेलं होतंच.

संधी कसली, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. स्थलांतर केलेल्या लोकांचं आरोग्य बिघडतं असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न येतो: गेले ते मुळातच वेगळे नव्हते कशावरून? अधिक धडधाकट, अधिक धडपडे, किंवा उलट अधिक आजारी? बहुतेक अभ्यासांना याचं उत्तर देता येत नाही, कारण माणसं पोहोचल्यावरच मोजली जातात. टोकेलाऊत प्रायर यांच्या चमूनं १९६८ आणि १९७१ मध्ये जवळपास सगळ्यांनाच तपासलं. कोण जाणार, कोण राहणार हे पुढे ठरायचं होतं. मग बेटावर राहिलेल्यांना १९७६ आणि १९८२ मध्ये पुन्हा मोजलं, आणि गेलेल्यांना न्यूझीलंडमध्ये शोधून तिथेही फेऱ्या केल्या. वजन, रक्तदाब, रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, आहार. सोबत अँटनी हूपर आणि ज्युडिथ हंट्समन हे मानववंशशास्त्रज्ञ होते. त्यामुळे कोणाचं लग्न कोणाशी, कोण कोणत्या गावात राहतं, चर्चमध्ये कोण जातं, हेही नोंदलं गेलं. वैद्यकीय अभ्यासात हे सहसा राहून जातं, आणि इथे पुढे तेच कामाला आलं.

अर्धं पान

आता तो नारळ. टोकेलाऊच्या लोकांच्या रोजच्या उष्मांकांपैकी ६३ टक्के नारळातून येत होते. हा आकडा वाचून कोकणातल्या माणसालाही दम लागेल. आपण नारळ घालून जेवतो. ते नारळच जेवत होते. शहाळ्याचं पाणी, कोवळी मलई, पक्कं खोबरं किसून पिळलेला रस आणि त्यात शिजवलेली मासळी. मोड आलेल्या नारळात जो भुसभुशीत गोड गोळा तयार होतो तोही. आणि माडाच्या पोयीतून काढलेली नीरा, जिला ते ‘कालेवे’ म्हणतात. या सगळ्यात बाटलीतलं तेल कुठेच नव्हतं, हे विसरू नये. अख्खा नारळ, त्याच्या चोथ्यासकट आणि पाण्यासकट.

नारळाची चरबी बहुतांशी संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड, असते. म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे या लोकांच्या रक्तवाहिन्या तुंबून जायला हव्या होत्या. तशा त्या तुंबलेल्या दिसल्या नाहीत. रक्तवाहिन्यांचे आजार इथे क्वचितच आढळले. इतक्या संपृक्त चरबीचा या लोकांवर अपाय झाल्याचा पुरावा मिळाला नाही, असं १९८१ च्या त्या लेखात स्पष्ट लिहिलं आहे. फिरतं ते हे पान.

पण त्याच लेखात टोकेलाऊच्या शेजारी दुसरं एक बेट आहे: कुक बेटांच्या उत्तर टोकाचं पुकापुका. तेही प्रवाळबेट, तेही पॉलिनेशियन लोक, तेही नारळ खाणारे. फरक इतकाच, की पुकापुकात नारळाचा वाटा ३४ टक्के होता. दोघांचं रक्त तपासलं तर टोकेलाऊच्या लोकांचं कोलेस्टेरॉल पुकापुकाच्या लोकांपेक्षा ३५ ते ४० मिलिग्रॅमनं जास्त निघालं. लेखकांनी त्याचं कारण संपृक्त चरबी हेच दिलं. म्हणजे नारळ कोलेस्टेरॉलला हात लावत नाही, हा निष्कर्ष या अभ्यासातून निघत नाही. निघतो तो बरोबर उलटा.

नंतरच्या प्रयोगांनीही तेच दाखवलं. २०२० मध्ये १६ चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलानं एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, सरासरी १० मिलिग्रॅमच्या वर वाढलं. चांगलं समजलं जाणारं एचडीएलही चार मिलिग्रॅमनं वाढलं, त्यामुळे खोबरेलवाले त्याच्यावर बोट ठेवतात. पण औषधांनी नुसतं एचडीएल वाढवून झटके टळत नाहीत, हे मधल्या काळात कळून चुकलं आहे. तेव्हा त्या चार मिलिग्रॅमच्या भरवशावर फार उड्या मारू नयेत.

मग टोकेलाऊत झटके का दिसले नाहीत? एक कारण साधं आहे आणि ते बोललं जात नाही: माणसंच थोडी. १९०० लोकांमध्ये चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले असून असून किती असणार? शवविच्छेदन नाही. बेटावर म्हातारा अचानक गेला तर तो कशानं गेला हे कोण सांगणार? हृदयरोग तिथे कमी होता हे ईसीजीवरून आणि तपासण्यांवरून पटतं, पण ‘नव्हताच’ असं म्हणायला आधार नाही.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. कोलेस्टेरॉल थोडं चढं असलं तरी बाकीचे साथीदार गैरहजर होते. साखर अगदी कमी. मीठ कमी. अंगमेहनत रोजची. वाढत्या वयाबरोबर चढत जाणारा रक्तदाब, जो आपण निसर्गनियम मानून बसलो आहोत, तो तिथे तसा चढत नव्हता. मिठाचा मुद्दा प्रायर यांनी आधीच, १९६८ मध्ये, पुकापुका आणि रारोटोंगा यांची तुलना करून मांडला होता. रारोटोंगा म्हणजे कुक बेटांतलं राजधानीचं बेट, दुकानं असलेलं, पगार मिळणारं. पुकापुकात दिवसाला ५० ते ७० मिलिमोल सोडियम खाल्लं जात होतं, म्हणजे साधारण तीन-चार ग्रॅम मीठ. रारोटोंगात १२० ते १४०, म्हणजे सात-आठ ग्रॅम. वयाबरोबरची रक्तदाबाची चढण रारोटोंगात अधिक तीव्र होती. मूळ लोक एकाच वंशाचे. मधे फक्त दुकान आलेलं.

पाप घटलं, शिक्षा वाढली

न्यूझीलंडला गेलेली कुटुंबं वेलिंग्टनजवळ पोरिरुआ आणि हट व्हॅलीत, ऑकलंडमध्ये, आणि न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मध्यभागी टाउपो-रोटोरुआच्या बाजूला वसली. काही कारखान्यांत लागली, काही जंगलखात्याच्या कामावर. सकाळी पाव-लोणी, चहात साखर, मांस, बटाटे, शनिवारी बिअर. नारळ दुकानात मिळे, पण विकत घ्यावा लागे.

त्यांच्या आहारातली संपृक्त चरबी घटली. बेटावरच्या मानानं ती उतरून एकूण उष्मांकांच्या ४१ टक्क्यांच्या आसपास आली. आजच्या हिशेबानं तीही अफाट, पण उतरली. आहारातून पोटात जाणारं कोलेस्टेरॉल मात्र दिवसाला ३४० मिलिग्रॅमपर्यंत चढलं, पिष्टमय पदार्थ वाढले, साखर वाढली. आणि रक्तात काय झालं? एकूण कोलेस्टेरॉल चढलं, एलडीएल चढलं, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी चढली, आणि एचडीएल घसरलं. वजन वाढलं. रक्तदाब बेटावर राहिलेल्यांपेक्षा जास्त, आणि वर्षं जातील तसा अंतर वाढवणारा. मधुमेह वाढला. पुरुषांमध्ये गाऊट, म्हणजे सांध्यात यूरिक आम्ल साचून होणारा दुखरा आजार, इतका वाढला की तो वेगळा अभ्यासविषय झाला.

संपृक्त चरबी कमी झाली आणि धोका वाढला. हे वाक्य खोबरेलवाले आणि त्यांचे विरोधक दोघांच्याही गळी उतरायला कठीण आहे. म्हणूनच बहुधा कोणी ते फिरवत नाही. पहिल्यांना ते आवडायला हवं, पण मग पुकापुकाचं काय करायचं? दुसऱ्यांना पुकापुका आवडतं, पण मग पोरिरुआचं काय करायचं? खरं उत्तर दोघांच्या भांडणाबाहेर आहे. एकाच घटकाला पकडून त्याला फाशी द्यायची किंवा निर्दोष सोडायचं, या पद्धतीनं हे प्रकरण उलगडतच नाही. नारळानं कोलेस्टेरॉल चढवलं, पण चढा रक्तदाब, साखर आणि पोटाचा घेर यांची सोबत मिळाली की चढलेलं कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत जास्त लवकर रुततं. ती सोबत न्यूझीलंडमध्ये भेटली.

इथे मानववंशशास्त्रज्ञांच्या वह्या उघडल्या गेल्या. रॉबर्ट बीगलहोल आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये एक वेगळाच हिशेब मांडला. स्थलांतरितांपैकी कोण टोकेलाऊच्याच लोकांत राहतो, चर्च आणि नातलग सांभाळून असतो, आणि कोण गोऱ्या न्यूझीलंडकरांत अधिक मिसळला आहे, याचं मोजमाप करून त्यांनी ते रक्तदाबाशी ताडून पाहिलं. जितकं मिसळणं जास्त, तितका रक्तदाब जास्त. वय आणि वजन बाजूला काढूनही. याचे दोन अर्थ लावता येतात. एक म्हणजे परक्या लोकांत वावरण्याचा ताण. दुसरा म्हणजे मिसळलेल्या माणसाचं जेवणही मिसळतं, मीठ वाढतं, बिअर वाढते. मला दुसरा अर्थ अधिक पटतो, पण पहिला झटकून टाकायला मन धजत नाही. परदेशात जाऊन नव्या कचेरीत तोलूनमापून इंग्रजी बोलणाऱ्या कोणालाही विचारा.

जहाज

इथवर गोष्ट ‘गेले ते बिघडले’ अशी वाटते. पण राहिलेले लोकही जागच्या जागी बदलत होते, फक्त सावकाश. न्यूझीलंडहून नातलगांचे पैसे येऊ लागले. बेटावर पगारी सरकारी कामं निघाली. सहकारी दुकानं आली. आणि दुकानात येतं ते सगळं जहाजातून: पीठ, तांदूळ, साखर, तंबाखू, डबाबंद मांस. १९८२ ची फेरी होईपर्यंत बेटावरच्या लोकांचंही वजन आणि मधुमेह वाढलेले दिसले. न्यूझीलंडमध्ये गेलेले लोक पुढच्या टप्प्यावर होते, इतकंच. वाट एकच होती.

१९७९ मध्ये एक मजेशीर गोष्ट घडली. काही महिने मालाचं जहाजच आलं नाही. साखर संपली, पीठ संपलं, तंबाखू संपली. लोक नाइलाजानं पुन्हा नारळ आणि मासळीवर आले. त्या काळात माणसं बारीक झाली, त्यांना बरं वाटू लागलं, काही मधुमेहींनाही उतार पडला, अशी बातमी तेव्हा न्यूझीलंडच्या वर्तमानपत्रात आली होती. ही बातमी आहे, प्रयोग नाही. कोणी रक्त काढून मोजलं नव्हतं, आणि चार-सहा महिन्यांत हृदयरोगाचं काही ठरतही नाही. तरी यात नारळ तर वाढला होता, आणि लोक म्हणत होते बरं वाटतंय. ज्याला नारळाच्या बाजूनं बोलायचं असेल त्यानं ‘जहाज आलं नाही’ हे शब्द गाळू नयेत.

जहाजातून काय यावं हे बेटं पूर्णपणे ठरवू शकत नाहीत, ही या भागाची खरी दुखरी नस. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात मेंढीच्या फासळ्यांखालचा चरबीचा पट्टा कोणी खात नाही. तो गोठवून पॅसिफिकमध्ये विकला जातो, स्वस्तात. फिजीनं २००० साली त्याच्यावर बंदी घातली. सामोआनं २००७ मध्ये अमेरिकेतून येणाऱ्या टर्कीच्या शेपट्यांवर, म्हणजे जवळपास निव्वळ चरबीवर, बंदी आणली. पण जागतिक व्यापार संघटनेत शिरताना ती उठवावी लागली. बंदीऐवजी काही वर्षं आयातकर, असा तोडगा निघाला. आरोग्यखात्यानं घेतलेला निर्णय व्यापारखात्याच्या टेबलावर मोडला, आणि तेही इतक्या छोट्या देशाचा. तिथल्या माणसाला ‘संयम शिका’ असं सांगायला जीभ जड होते.

जीनवर ढकलता येईल का

पॉलिनेशियन लोक जात्याच जाड, असं एक उत्तर तयारच असतं. १९६२ मध्ये जेम्स नील यांनी ‘काटकसरी जीन’ची कल्पना मांडली. उपासमारीच्या काळात उष्मांक साठवून ठेवणारे लोक तगले, तेच आज भरपूर अन्नात मधुमेही होतात, असा तर्क. लांब समुद्रप्रवास करून बेटं वसवणाऱ्या लोकांना तो फारच फिट बसतो, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल सावध राहावं.

२०१६ मध्ये सामोआतल्या तीन हजारांवर लोकांच्या तपासणीतून सीआरईबीआरएफ या जीनचं एक रूप पुढे आलं. जगात इतरत्र ते जवळजवळ नाहीच, सामोआत मात्र ते सर्रास आढळतं. ते असलेल्या माणसाचं वजन जास्त असतं. इथपर्यंत नील यांचं ऐकल्यासारखं वाटतं. पण गंमत पुढे आहे: तेच रूप असलेल्यांना मधुमेहाचा धोका कमी निघाला, जास्त नाही. वजन देणारा जीन साखरेपासून वाचवतो, हे कोणत्याच सोप्या गोष्टीत बसत नाही. थोड्या लोकांपासून वाढलेल्या समाजात एखादं दुर्मिळ रूप नुसत्या योगायोगानंही पसरू शकतं. गुलामांच्या जहाजांनी निम्मं गाव रिकामं केलं की उरलेल्यांच्या जीनलाच बहुमत मिळतं.

आणि शेवटी साधा हिशेब. टोकेलाऊच्या लोकांचे जीन १९६८ मध्ये जे होते तेच १९८२ मध्ये होते. चौदा वर्षांत जीन बदलत नाहीत. जे बदललं ते ताटात आणि दिनक्रमात.

वजनाच्या मोजमापातही एक खोच आहे. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन मोजायची फूटपट्टी, युरोपीय शरीरावर बेतलेली. तितक्याच बीएमआयला पॉलिनेशियन माणसाच्या अंगात स्नायू जास्त आणि चरबी कमी असते. आपलं नेमकं उलटं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापून हे दाखवलं होतं. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. तेव्हा टोकेलाऊच्या भारदस्त माणसाकडे बघून ‘आपण तसे नाही’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला धीर देण्यासारखं त्या फोटोत काही नाही.

छातीत दुखलं तर

आज तिन्ही बेटांवर मिळून दीड हजारांहून अधिक माणसं आहेत, आणि न्यूझीलंडमध्ये टोकेलाऊच्या वंशाचे ८ हजारांहून अधिक. प्रत्येक बेटावर एक छोटा दवाखाना आहे. बेटावर वजन, मधुमेह आणि तंबाखू हे तिन्ही आज मोठे प्रश्न आहेत. आता टोकेलाऊला नारळ खाऊन निरोगी राहणाऱ्यांचा देश म्हणणं म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा फोटो आजचा म्हणून दाखवणं.

समजा नुकुनोनूत एखाद्याच्या छातीत कळ आली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांत द्यायचं असतं, बारा तासांनंतर त्याचा उपयोग फारसा राहत नाही. अँजिओप्लास्टी करायची तर ती दोनेक तासांत व्हावी असा दंडक आहे. आणि अपियाला जायला बोट एक दिवसाहून जास्त घेते, तीही त्या दिवशी धक्क्याला असेल तर. तिथून पुढे न्यूझीलंडचं विमान. मुंबईत गल्लीच्या तोंडाशी कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, असणाऱ्याला प्रतिबंध हा उपदेश वाटतो. टोकेलाऊत रक्तदाबाची गोळी रोज घेणं हाच हृदयाचा जवळजवळ सगळा उपचार आहे. त्यासाठी जहाजातून गोळ्या वेळेवर याव्या लागतात.

न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्यांसाठी चित्र निराळं आहे, पण चांगलंच आहे असं नाही. गर्दीची, दमट, कमी भाड्याची घरं हा तिथल्या पॅसिफिक कुटुंबांचा जुना प्रश्न. त्यातून मुलांना घशाचा जंतुसंसर्ग, त्यातून संधिवाताचा ताप, आणि त्यातून हृदयाच्या झडपा खराब होणं. श्रीमंत देशांतून हा आजार जवळपास नाहीसा झाला आहे. न्यूझीलंडमध्ये तो माओरी आणि पॅसिफिक मुलांपाशी अजून रेंगाळतो. म्हणजे एकाच घरात आजोबांच्या हृदयाच्या धमन्या तुंबलेल्या आणि नातवाच्या झडपा आखडलेल्या, असं होऊ शकतं. पहिल्याला समृद्धीचा आजार म्हणायची पद्धत आहे, दुसऱ्याला गरिबीचा. पत्ता मात्र एकच.

हृदयविकाराचा धोका मोजायची न्यूझीलंडची स्वतःची सूत्रं आहेत, २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली, चार लाखांच्या आसपास लोकांच्या नोंदींवर बेतलेली. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह यांच्या जोडीला त्यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, तुम्ही राहता ती वस्ती किती वंचित आहे. दुसरी, तुमचा वंश. बाकी सगळे आकडे सारखे असूनही गोऱ्या माणसापेक्षा ज्यांचा धोका जास्त निघतो त्यांत माओरी आहेत, पॅसिफिक लोक आहेत, आणि भारतीय आहेत.

त्याच वर्षीच्या न्यूझीलंडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार इतर पुरुषांची धोक्याची तपासणी ४५ व्या वर्षी आणि स्त्रियांची ५५ व्या वर्षी सुरू करायची. माओरी, पॅसिफिक आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांची मात्र पंधरा वर्षं आधी: पुरुषांची तिशीत, स्त्रियांची चाळिशीत. पोरिरुआतल्या टोकेलाऊच्या कामगाराला आणि ऑकलंडमधल्या पुण्याच्या इंजिनिअरला तिथला फॅमिली डॉक्टर एकाच वयात बोलावतो, आणि विचारतोही तेच: घरात कोणाला मधुमेह, सिगारेट किती, कमरेचा घेर किती, रक्तदाब शेवटचा कधी मोजला. तेल कुठलं वापरता, हा प्रश्न आलाच तर त्यानंतर येतो.